पेशीचा उंबरठा व पटकीचा उतारा

१५६३ सालीं गोव्यास एक पोर्तुगीज ग्रंथ छापून प्रसिद्ध झाला. ग्रंथकार गार्सिया द ऑर्ता हा पेशानें वैद्य, व ग्रंथाचा विषय हिंदुस्थानांतील औषधें. संवादरूपानें लिहिलेल्या ह्या ग्रंथांत एका भयंकर रोगाचेंही वर्णन आलें आहे. वांत्या आणि ढाळ एकाएकीं सुरू होतात. नाडी हातास लागेनाशी होते. अंग गार पडतें, पण रोग्यास आंतून दाह होतो व तहान आवरत नाहीं. डोळे खोल जातात, आणि पुष्कळदां एका दिवसाच्या आंत सर्व आटोपतें. आपल्याकडील 'मोडशी' हा शब्द पोर्तुगीजांनीं ह्या रोगास लावून त्याचें 'मोर्देशीं' असें रूप केलें. आणि फ्रेंचांनीं त्यावर आपल्या भाषेचा साज चढवून त्यांतून 'कुत्र्याचें मरण' असा अर्थ काढला. व्युत्पत्ति खोटी होती खरी. पण तें मरण ज्यांनीं पाहिलें त्यांस ती खोटी वाटली नसावी.

पुढें हाच रोग आपल्याकडे पटकी, जरीमरी, महामारी अशा नांवांनीं घरोघर माहीत झाला. १८१७ सालीं बंगालमधील जेसोरच्या बाजूस उठलेली साथ पाहतां पाहतां देशाबाहेर गेली, आणि त्यानंतर शंभर वर्षें हा रोग लाटेमागून लाट अशा रीतीनें जगभर फिरत राहिला. आपल्या खेड्यांच्या वेशीबाहेर आजही उभें असलेलें मरीआईचें देऊळ हें त्या दहशतीचेंच स्मारक होय.

ह्या रोगाच्या इतिहासांत एक गोष्ट मात्र विचार करण्याजोगी आहे. बहुतेक सर्व रोग्यांस वांचविणारा जो उपाय आज जगास माहीत आहे, त्यांतील मुख्य द्रव्यें मीठ, साखर आणि पाणी हीं होत. हीं तीन द्रव्यें नाहींत असें स्वयंपाकघर क्वचितच असेल. मग उपाय हाताशीं असतां माणसें इतकीं शतकें मरत कां राहिलीं? ह्या प्रश्नाचें अर्धेंच उत्तर वैद्यकाच्या इतिहासांत सांपडतें. उरलेलें अर्धें वनस्पतींचीं मुळें, बेडकांचीं पिलें आणि पाण्यावरील तेलाचे तवंग ह्यांचा अभ्यास करणाऱ्या, पटकीशीं कांहीं एक संबंध नसलेल्या माणसांच्या वह्यांत होतें. हे दोन इतिहास पुष्कळ काळ एकमेकांस न ओळखतां चालले. ते कोठें व कसे एकत्र आले, हें सांगण्याचा येथें विचार आहे.

प्रथम वैद्यकाची बाजू पाहूं. १८३१ सालीं पटकी इंग्लंडांत पोंचली. तेव्हां विल्यम ओशॉनेसी नांवाच्या जेमतेम बावीस-तेवीस वर्षांच्या आयरिश डॉक्टरानें रोग्यांच्या रक्ताचें पृथक्करण केलें. रक्तांतील पाण्याचा व क्षारांचा मोठा अंश नाहींसा झालेला त्यास आढळला, आणि जें गेलें तें परत घालावें असें त्यानें सुचविलें. (हाच ओशॉनेसी पुढें कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजांत रसायनशास्त्राचा अध्यापक झाला, व हिंदुस्थानांत तारायंत्राच्या तारा त्याच्याच देखरेखीखालीं पसरल्या.) १८३२ सालीं स्कॉटलंडमधील लीथ येथें टॉमस लाटा ह्या डॉक्टरानें ती सूचना प्रत्यक्षांत आणली. मरणाच्या दारीं पोंचलेल्या एका वृद्धेच्या शिरेंत त्यानें क्षारयुक्त पाणी सोडलें. अर्ध्या तासांत तिची नाडी परत आली, चेहऱ्यावर तरतरी आली, ती बोलूं लागली. तिला दुसऱ्याच्या हवालीं करून लाटा निघून गेला. ढाळ मात्र थांबले नव्हते, आणि कांहीं तासांनीं ती मरण पावली. उपाय बरोबर होता, पण जितकें गेलें तितकें सतत देत राहिलें पाहिजे हें तेव्हां उमगलें नाहीं. शिवाय निर्जंतुक पाणी म्हणजे काय हेंही त्या काळीं कोणास ठाऊक नव्हतें. पुढच्या वर्षीं लाटा स्वतः मरण पावला व त्याची पद्धति मागें पडली.

तिचें पुनरुज्जीवन विसाव्या शतकाच्या आरंभीं कलकत्त्यास सर लिओनार्ड रॉजर्स ह्यांनीं केलें. शिरेंतून क्षारद्रव देण्याच्या त्यांच्या पद्धतीनें रुग्णालयांतील मृत्यूंचें प्रमाण शेंकडा साठीच्या घरांतून तिशीच्या घरांत आलें. हा लाभ लहान नव्हे. परंतु शिरेंतून देण्याच्या उपायास सुई लागते, निर्जंतुक द्रवाच्या बाटल्या लागतात, शीर शोधणारा हात लागतो. आणि पटकी जेथें येते तेथें बहुधा ह्यांपैकीं एकही गोष्ट नसते.

मग तें पाणी तोंडानें कां पाजूं नये? हा प्रश्न कोणासही सुचेल, व डॉक्टरांसही तो सुचला. पण मिठाचें पाणी पाजलें तर ढाळ उलट वाढत. त्या काळचा समज असा होता कीं, पटकींत आतड्याचें अस्तरच गळून पडतें. छप्पर उडालेल्या घरांत पाऊस अडत नाहीं, तसें अस्तर गेलेल्या आतड्यांत पाणी राहावयाचें नाहीं, असें मानून बहुतेकांनीं हा मार्ग सोडून दिला. १९५३ सालीं कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चॅटर्जी ह्यांनीं साखर-मिठाचें पाणी तोंडानें देऊन सौम्य पटकीचे रोगी बरे केल्याचें लंडनच्या 'लॅन्सेट' ह्या पत्रांत प्रसिद्ध केलें. पण हें पाणी आंत शिरतें कसें ह्याची उपपत्ति त्यांच्याजवळ नव्हती, आणि जगानें तिकडे फारसें लक्ष दिलें नाहीं.

आतां दुसऱ्या बाजूस वळूं. सजीवांचें शरीर पेशींचें बनलेलें आहे हें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सर्वमान्य झालें होतें. प्रत्येक पेशीच्या सीमेवर कांहींतरी पटल असावें असा तर्कही होता, पण तें कोणत्याही सूक्ष्मदर्शकास दिसत नसे. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म प्फेफर ह्यानें १८७७ सालीं मातीच्या सच्छिद्र भांड्यांत एका ताम्रक्षाराचा पातळ पडदा धरविला. ह्या पडद्यांतून पाणी सहज जाई, साखर जात नसे. आणि आंत साखर असली कीं बाहेरचें पाणी तिच्याकडे ओढलें जाई. वाळलेला बेदाणा पाण्यांत टाकला असतां फुगतो, आणि कैरीच्या फोडींस मीठ लावलें असतां पाणी सुटतें, ह्या घरगुती अनुभवांच्या मुळाशीं हाच नियम आहे. पाणी हें विरळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे धांव घेतें. सजीव पेशीही अशाच वागतात. तेव्हां त्यांच्या भोंवतींही असा पडदा असला पाहिजे, असें प्फेफरनें प्रतिपादिलें.

तो पडदा कशाचा, ह्या प्रश्नाकडे झ्यूरिकमध्यें काम करणारा चार्ल्स अर्नेस्ट ओव्हर्टन हा इंग्रज वळला. १८९० नंतरच्या दशकांत त्यानें शेंकडों द्रव्यें वनस्पतींच्या मुळांच्या केसांवर व बेडकांच्या पिलांवर पारखून पाहिलीं. त्यास एक सरळ नियम आढळला. जें द्रव्य तेलांत विरघळतें तें पेशींत चटकन शिरतें; जें केवळ पाण्यांतच विरघळतें तें बाहेर तिष्ठत राहतें. ह्यावरून पेशीचें पटल स्निग्ध द्रव्यांचें असलें पाहिजे असें अनुमान त्यानें १८९९ च्या सुमारास मांडलें. न दिसणाऱ्या भिंतीची जात, तिच्यातून कोण जातो व कोण अडतो एवढ्यावरून ओळखण्याचा हा प्रयत्न होता, आणि तो यशस्वी झाला.

भिंतीची जाडी मोजण्याचें साधन मात्र एका स्वयंपाकघरांतून आलें. जर्मनींतील ब्राउनश्वाइग येथील ॲग्नेस पॉकेल्स ह्या कुमारिकेस त्या काळच्या रीतीप्रमाणें विद्यापीठाचीं दारें बंद होतीं. वृद्ध मातापित्यांची शुश्रूषा व घरकाम ह्यांतच तिचा दिवस जाई. भांडीं धुण्याच्या पाण्यावर पसरणाऱ्या तेलकट तवंगाकडे तिचें लक्ष वेधलें, आणि पत्र्याची एक उथळ तबकडी व तिच्यावर सरकणारी पट्टी एवढ्या सामग्रीवर तिनें तवंगाचें क्षेत्रफळ व त्याचा पाण्याच्या ताणावर होणारा परिणाम मोजून काढला. तिचें पत्र लॉर्ड रॅले ह्यांनीं १८९१ सालीं 'नेचर' पत्रांत छापविलें. हीच युक्ति पुढें अमेरिकेंत लँगम्युअर ह्यानें सुधारली, आणि स्निग्ध द्रव्याचा एका रेणूइतका पातळ थर पाण्यावर किती जागा व्यापतो हें बिनचूक सांगतां येऊं लागलें.

१९२५ सालीं लायडन येथील बालरोगांचे वैद्य एव्हर्ट गॉर्टर व त्यांचे सहकारी ग्रेंडेल ह्यांनीं ह्या तबकडीचा अपूर्व उपयोग केला. त्यांनीं रक्तांतील तांबड्या पेशींतील सर्व स्निग्ध द्रव्य काढून घेतलें व तें पाण्यावर पसरलें. तवंगाचें क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या बरोबर दुप्पट भरलें. म्हणजे पटलांत रेणूंच्या दोन रांगा असल्या पाहिजेत. स्निग्ध रेणूचें एक टोंक पाण्याशीं सलगी करणारें व दुसरें पाण्यास टाळणारें असतें. दोन रांगांतील माणसें पाठीस पाठ लावून उभीं राहावीं, त्याप्रमाणें हे रेणु आपलीं जलप्रिय तोंडें बाहेर व आंत पाण्याकडे करून राहतात, आणि पाणी टाळणाऱ्या त्यांच्या शेपट्या मध्यें दडतात. गंमत अशी कीं, गॉर्टर व ग्रेंडेल ह्यांनीं स्निग्ध द्रव्यही थोडें कमी काढलें होतें आणि पेशीचें क्षेत्रफळही थोडें कमी धरलें होतें. दोन चुकांनीं एकमेकींस खोडून टाकलें व निष्कर्ष खरा ठरला. पुढें १९५० नंतरच्या दशकांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं हें पटल दोन काळ्या रेघांच्या रूपानें प्रत्यक्ष दिसलें. त्याची जाडी इतकी अल्प कीं, सव्वा लक्षांहून अधिक पटलें एकावर एक रचावीं तेव्हां कोठें एक मिलीमीटर भरेल.

परंतु ह्यानें एक कोडें सुटून दुसरें उभें राहिलें. पटल जर स्निग्ध, तर मीठ आंत जातें कसें? मिठाचे कण पाण्यांत विद्युद्भारित होऊन राहतात, आणि तेलाशीं त्यांचें वैर आहे. साखरही तेलांत विरघळत नाहीं. तरीही आपण जेवतों, आणि अन्नांतील साखर व मीठ आतड्यांतून रक्तांत जातें हें उघड आहे. तेव्हां ह्या भिंतींत दारें असलीं पाहिजेत, व त्या दारांवर कोणी द्वारपाळ असले पाहिजेत. हे द्वारपाळ प्रथिनांचे असतात असें पुढें सिद्ध झालें. १९५७ सालीं डेन्मार्कमधील येन्स स्कौ ह्यानें खेकड्याच्या पायांतील मज्जातंतूंवर प्रयोग करून त्यांतील एक शोधून काढला. हा पेशींतील सोडियमचे तीन कण बाहेर फेंकतो, पोटॅशियमचे दोन आंत घेतो, आणि ह्या कामांत शरीराची शक्ति खर्च करतो. पेशीच्या आंत सोडियम नेहमीं कमी राहतें तें ह्याच्यामुळें. ह्या शोधासाठीं स्कौ ह्यास १९९७ सालीं, म्हणजे चाळीस वर्षांनीं, नोबेल पारितोषिक मिळालें. स्निग्ध द्रवाच्या पातळ थरांत प्रथिनें जणूं तरंगत असतात, हें पटलाचें आजचें चित्र सिंगर व निकोल्सन ह्यांनीं १९७२ सालीं रेखाटलें.

दोन्ही इतिहासांचा संगम घडविणारें विधान १९६० च्या ऑगस्ट महिन्यांत प्राग येथील एका परिषदेंत झालें. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन ह्यांनीं असें मत मांडलें कीं, आतड्याच्या पेशीवर साखरेचें जें दार आहे तें सोडियमवांचून उघडत नाहीं. आपल्याकडे कांहीं पूजा पति-पत्नी जोडीनें बसल्याखेरीज होत नाहींत. तसाच ह्या दाराचा नियम आहे. आंत सोडियम कमी व बाहेर जास्त, म्हणून सोडियम आंत येण्यास उत्सुक असतें. तें येतांना द्राक्षशर्करेस, म्हणजे ग्लुकोजला, बरोबर घेऊन येतें. क्रेन ह्यांच्यापुढें प्रश्न साखरेचा होता. पण ह्या नियमाची दुसरी बाजू अशी कीं, साखर हजर असेल तर मीठही आंत जाईल, आणि मीठ गेलें कीं त्याच्या पाठोपाठ पाणी जाईल. नुसतें मिठाचें पाणी पाजून उपयोग कां होत नव्हता, हें आतां कळलें: जोडींतील एकाच्याच हातीं अक्षता दिल्या जात होत्या.

पण दार मुळांत शाबूत असेल तरच ह्याचा उपयोग. तें शाबूत असतें हें त्याच सुमारास ठरलें. १९५९ सालीं कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ दे ह्यांनीं पटकीच्या जंतूंचें पोषण केलेला द्रव गाळून, त्यांतील सर्व जंतु काढून टाकून, तो सशाच्या आतड्यांत घातला. तरीही आतडें पाण्यानें तट्ट फुगलें. अर्थात् हें काम जंतूंनीं सोडलेल्या विषाचें होतें. पाठोपाठ १९६० सालीं गँगारोसा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बँकॉक येथें जिवंत रोग्यांच्या आतड्यांचे सूक्ष्म तुकडे तपासले, तों अस्तर जागच्या जागीं आढळलें. छप्पर उडालें होतें ही समजूतच खोटी होती. पटकीचें विष पेशी मारीत नाहीं. तें पेशीवरील क्षाराचें एक बाहेर जाण्याचें दार उघडून धरतें, आणि क्षारामागोमाग शरीरांतील पाणी बाहेर लोटतें. साखर व मीठ ह्यांचें जोडीचें दार मात्र त्याच्या हातीं लागत नाहीं. पाणी एका दारानें जात असतां दुसऱ्या दारानें तें आंत आणतां येतें, एवढेंच ह्या उपायाचें रहस्य आहे.

रहस्य कळल्यावरही वाट सरळ नव्हती. अमेरिकन नौदलांतील डॉ. रॉबर्ट फिलिप्स ह्यांनीं १९६२ सालीं मनिला येथें साखर-मिठाचा प्रयोग केला. आरंभीं गुण दिसला, पण पुढील प्रयोगांत कांहीं रोगी दगावले व ते मागें हटले. १९६८ सालीं ढाक्याच्या प्रयोगशाळेंतील डेव्हिड नॅलिन व रिचर्ड कॅश ह्या तरुण डॉक्टरांनीं, रोग्यानें जितकें गमावलें तितकें मोजून पाजावयाचें असा नियम बांधला, आणि शिरेंतून देण्याच्या द्रवाची गरज सुमारें चार-पंचमांशानें कमी झाली. तरीही जगांतील अनेक वैद्य साशंकच होते. असे सोपे पाणी मोठमोठ्या रुग्णालयांबाहेर, अशिक्षितांच्या हातीं देणें धोक्याचें आहे असें त्यांस वाटे.

ती शंका १९७१ सालीं बंगालच्या सीमेवर, बनगांव येथें फिटली. पूर्व पाकिस्तानांतील युद्धापासून जीव घेऊन पळालेले लाखो निर्वासित तेथील छावण्यांत लोटले होते, आणि त्यांत पटकी शिरली. गांवच्या रुग्णालयांत पटकीसाठीं दोन खोल्या व सोळा खाटा होत्या. रोगी जमिनीवर, एकमेकांस लागून, स्वतःच्याच मळांत पडले होते. शिरेंतून देण्याच्या बाटल्या संपत आल्या. तेथें काम करणारे कलकत्त्याचे डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनीं तेव्हां एक निर्णय घेतला. दर लिटर पाण्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, ३·५ ग्रॅम मीठ व २·५ ग्रॅम खाण्याचा सोडा ह्या प्रमाणांत पुड्या बांधविल्या. पिंपांत पाणी भरून, पिंपांस तोट्या लावून तें ठेवविलें. आणि पाजण्याचें काम रोग्याच्याच आईवर, बहिणीवर, भावावर सोंपविलें. लिटरमागें खर्च सुमारें अकरा पैसे. आठ आठवड्यांत तीन हजारांहून अधिक रोगी ह्या रीतीनें उपचारिले गेले. पूर्वीं जेथें शेंकडा वीस-तीस माणसें मरत होतीं, तेथें हें प्रमाण शेंकडा चारांच्या आंत आलें.

महालनबीस ह्यांच्या निर्णयाचें महत्त्व ह्या आंकड्यांहून मोठें आहे असें आम्हांस वाटतें. औषध देण्याचा अधिकार त्यांनीं रोग्याच्या नातेवाइकांकडे दिला. असें करणें त्या वेळच्या वैद्यकी शिस्तीस धरून नव्हतें. फसलें असतें तर त्याचा सर्व दोष त्यांच्याच माथीं आला असता. १९७८ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें ह्या उपायाचा सर्व देशांत प्रसार आरंभिला, आणि त्याच वर्षीं 'लॅन्सेट'नें शतकांतील सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय शोधाचा मान बहुधा ह्यासच द्यावा लागेल अशा आशयाचा अभिप्राय दिला. १९८० पासूनच्या दशकांत बांगलादेशांत 'ब्रॅक' संस्थेच्या स्त्रिया घरोघर जाऊन अर्धा शेर पाण्यांत तीन बोटांची चिमूट मीठ व मूठभर गूळ घालण्यास मातांस शिकवूं लागल्या. प्रागच्या परिषदेंतील विधान अशा रीतीनें मातीच्या चुलीपर्यंत पोंचलें. महालनबीस २०२२ सालीं कलकत्त्यास निवर्तले. पुढच्या वर्षीं त्यांस मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालें.

ह्या इतिहासांतून घेण्याजोगा एक बोध व्यवहाराचा आहे, व तो सांगितल्यावांचून राहवत नाहीं. आजही पांच वर्षांखालील मुलांच्या मृत्यूंच्या प्रमुख कारणांत अतिसाराची गणना होते, आणि उपाय माहीत असूनही तो वेळेवर व योग्य प्रमाणांत दिला जात नाहीं. एक लिटर स्वच्छ पाण्यास सपाट सहा लहान चमचे साखर व सपाट अर्धा लहान चमचा मीठ, हें घरगुती प्रमाण होय; दुकानांत मिळणारी तयार पुडी त्याहून चांगली. साखर जास्त घातली तर गुण अधिक येईल हा समज घातक आहे. प्फेफरच्या भांड्याचा नियम येथेंही लागू पडतो: आतड्यांतलें द्रावण दाट झालें कीं पाणी शरीरांत शिरण्याऐवजीं शरीरांतूनच त्याकडे ओढलें जातें, व ढाळ वाढतात. म्हणूनच २००२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें आपल्या पुडींतील साखर व मीठ दोन्ही कमी केलीं. रोगी ग्लानींत असेल किंवा पिऊं शकत नसेल, तर मात्र डॉक्टराची सुई हाच मार्ग. तेथें विलंब करूं नये.

दुसरा बोध विद्येविषयींचा आहे. ओव्हर्टनला बेडकांच्या पिलांचें, पॉकेल्सला तवंगाचें, स्कौ ह्यास खेकड्याच्या पायाचें कौतुक होतें. ह्या उद्योगांचा उपयोग काय, असें त्यांस कोणीं विचारलें असतें तर बनगांवच्या छावणीचें नांव त्यांच्या तोंडीं येणें शक्य नव्हतें. पण त्यांपैकीं एकानें जरी आपलें काम निरुपयोगी म्हणून टाकलें असतें, तरी ती छावणी कदाचित् मिठाचें पाणी पाजीत व प्रेतें मोजीत बसली असती.